छेदात कोण होतं?

१९८७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक लेख आला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ८० बायकांकडून त्यांच्या संसाराची, शरीरसंबंधांची आणि मुलाबाळांची माहिती घेतली होती. सगळ्यांना जन्मापासून एकच आजार होता : कन्जेनिटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेशिया, थोडक्यात सीएएच. आजाराचे दोन प्रकार धरले होते. एक त्यातल्या त्यात बरा, आणि दुसरा तीव्र, ज्यात शरीरात मीठ टिकत नाही. ज्यांचे पुरुषाशी संबंध येत होते आणि येऊ शकत होते, अशा बायकांमध्ये पहिल्या प्रकारातल्या ६० टक्के जणींना दिवस गेले होते. तीव्र प्रकारातल्या ७ टक्के जणींना.

२००९ मध्ये लंडनहून दुसरा लेख आला. आजार तोच, बायका १०६. त्यांतल्या २३ जणींनी मूल हवं म्हणून खरोखर प्रयत्न केले होते. २३ पैकी २१ जणींना दिवस गेले. तीव्र प्रकारात ९ पैकी ८.

७ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर. बावीस वर्षांत बाईचं शरीर काही बदलत नाही. मग बदललं काय? मी दिवसभर डेटाबेसवर क्वेरी लिहून पोट भरतो, त्यामुळे आकडा एवढा उडाला की माझी नजर आधी छेदाकडे जाते. भागाकार कशाने केलाय? पण इथे नुसता छेदाचा खेळ नाही. त्याआधी शंभरेक वर्षांची गोष्ट आहे.

आपल्या दोन्ही किडन्यांवर टोपीसारखी एकेक अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते. तिथे कोलेस्टेरॉलपासून टप्प्याटप्प्याने कॉर्टिसॉल तयार होतं. आजारपणात, धक्क्यात, उपाशीपोटी आपल्याला उभं ठेवणारं हे संप्रेरक. यातल्या एका टप्प्यावर २१-हायड्रॉक्सिलेज नावाचं एन्झाइम लागतं. ते नसलं किंवा कमी पडलं, तर कॉर्टिसॉल पुरेसं बनत नाही. मेंदू बघतो की माल पोहोचला नाही, म्हणून ‘अजून बनवा’ असा निरोप पाठवतो. तरी पोहोचत नाही. पुन्हा निरोप. ग्रंथी फुगत जाते, अर्धवट कच्चा माल साचतो आणि शेजारच्या मोकळ्या लाइनवर वळतो. त्या लाइनवर पुरुषी संप्रेरकं बनतात. मुलगी पोटात असतानाच हे सुरू झालं, तर तिचे बाहेरचे अवयव मुलासारखे दिसू लागतात. आत गर्भाशय, बीजकोश सगळं जागेवर असतं.

हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं ते नेपल्समध्ये, १८६५ साली. लुइजी दे क्रेक्यो या डॉक्टरने एका मृतदेहाचं विच्छेदन केलं. मरणाऱ्याचं नाव ज्युसेप्पे मार्झो. जन्माच्या वेळी ती मुलगी ठरली होती, चार वर्षांची झाल्यावर मुलगा ठरवली गेली, आणि पुढचं सगळं आयुष्य पुरुष म्हणून गेलं. वयाच्या चाळिशीत उलट्या-जुलाब होऊन, शक्ती जाऊन मृत्यू. पोट उघडलं तर आत गर्भाशय, नलिका, बीजकोश. आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी भल्यामोठ्या. उलट्या, जुलाब, गळाठून जाणं हे मीठ आणि कॉर्टिसॉल संपल्याचं लक्षण आहे, हे कळायला अजून पाऊणशे वर्षं लागायची होती.

आणि कळलं तेही एका पोराच्या जिवावर. बाल्टिमोरला लॉसन विल्किन्स हे बालरोगतज्ज्ञ होते. १९४० साली त्यांनी साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकिगत छापली. या पोराला मिठाचं वेड होतं. मिठाची बाटली उपडी करून खायचा. तो बोलायला शिकला तेव्हा पहिल्या काही शब्दांत ‘मीठ’ होता. त्याला तपासणीसाठी रुग्णालयात ठेवलं, तिथे सगळ्यांना मिळतं तेच जेवण मिळालं, आणि सात दिवसांत तो गेला. मूल स्वतःचं औषध स्वतःच खात होतं आणि मोठ्यांनी शिस्त म्हणून ते थांबवलं. मी ही हकिगत दोन-तीनदा वाचली, दर वेळी तिथेच अडकलो.

पुढे कॉर्टिझोन आलं. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये ते संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा दिलं, १९५० मध्ये त्याच्या कामाला नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी विल्किन्सनी, आणि बॉस्टनमध्ये फ्रेडरिक बार्टर यांच्या गटाने, सीएएच असलेल्या रुग्णांना ते देऊन पाहिलं. तर्क साधा होता. माल बाहेरून पुरवला तर मेंदू ओरडायचा थांबेल, ग्रंथी शांत होईल. झालंही तसंच. पुरुषी संप्रेरकं खाली आली. शरीरात मीठ धरून ठेवणारं फ्लुड्रोकॉर्टिझोन पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर हाती आलं. त्याआधी तीव्र प्रकारातली बाळं दोन-तीन आठवड्यांतच जायची.

आता १९८७ चा आकडा पुन्हा बघा. त्यात उत्तर देणाऱ्या तीव्र प्रकारातल्या बायका म्हणजे जगलेल्यांची पहिली पिढी. त्यांच्यावर सगळे प्रयोग होऊन गेले होते. औषधाचा डोस कधी जास्त, कधी कमी. लहानपणी झालेल्या शस्त्रक्रिया, त्याही ‘दिसायला मुलीसारखं व्हावं’ या हेतूने. मोठेपणी संबंध येताना दुखेल का याचा विचार नंतरचा. तपासताना खोलीत दहा विद्यार्थी उभे. आणि घरी सांगितलेलं एक वाक्य : हिला मूल होणार नाही.

दुसरी चूक रसायनशास्त्रातली होती, आणि ती उमगायला फार वेळ लागला. डॉक्टर पुरुषी संप्रेरकांवर नजर ठेवून होते. ती खाली आली, पाळी येऊ लागली, की काम झालं असं धरत. पण साचलेल्या कच्च्या मालात प्रोजेस्टेरॉनही असतं. निरोगी बाईत ते बीज सुटल्यानंतरच्या पंधरवड्यात वाढतं. या बायकांत ते महिनाभर थोडं थोडं झिरपत राहतं. गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं, मुखाशी असणारा स्राव घट्ट होतो. बाजारात फक्त प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकाची गर्भनिरोधक गोळी मिळते, तिचं काम साधारण असंच चालतं. म्हणजे या बायका नकळत बारा महिने गर्भनिरोधक घेत होत्या, तेही स्वतःच्याच शरीरातून. पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात प्रोजेस्टेरॉन दाबून ठेवायचं, त्यासाठी गोळीची मात्रा आणि वेळ बदलायची, गरज पडली तर मिठाच्या गोळीची मात्राही बदलायची. हे जमू लागलं तसे दिवस जाऊ लागले. बऱ्याच जणींना टेस्ट ट्यूबपर्यंत जावंच लागलं नाही.

आणि मग छेद. लंडनच्या त्याच लेखात दुसरा एक आकडा आहे, जो फारसा कोणी सांगत नाही. सगळ्या १०६ बायका धरल्या तर दर बाईमागे मुलं ०.२५, तेव्हाच्या सर्वसाधारण बायकांत १.८. एकाच लेखात दोन्ही खरं : प्रयत्न करणाऱ्या दहापैकी नऊ जणींना दिवस जातात, आणि तरी या बायकांना मुलं फार कमी आहेत. कारण बहुतेक जणींनी प्रयत्नच केलेला नाही. काहींना मूल नको होतं, काहींना पुरुष नको होता, आणि तो त्यांचा प्रश्न. पण ज्यांना लहानपणीच ‘तुला होणार नाही’ सांगितलं आणि म्हणून ज्यांनी कधी विचारलंच नाही, त्यासुद्धा कमी मुलांच्या त्याच आकड्यात जमा होतात, आणि तो आकडा पुढच्या मुलीला सांगायला पुरावा म्हणून वापरला जातो. आमच्या धंद्यात याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतात. प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. इथे तीस वर्षं चालला.

हे सगळं मी वाचायला लागलो ते माझ्या चुलत बहिणीच्या फायलीमुळे. आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात. घरात एक पोरगा ‘कॉम्प्युटरमध्ये’ असला की विम्याच्या कागदापासून सोनोग्राफीच्या रिपोर्टपर्यंत सगळं त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. ताईच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. फायलीच्या प्रत्येक पानावर ‘पीसीओडी’. पाळी अनियमित, हनुवटीवर केस, चेहऱ्यावर पुरळ, दोनदा दिवस जाऊन तिसऱ्या महिन्यात पडलेले. आधी धुळ्याला, मग सुरतेला (आमच्याकडून सुरतेची गाडी थेट, आणि अर्धं खानदेश तिथेच राहायला), शेवटी नाशिकला. नाशिकच्या डॉक्टरबाईंनी पाळीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी एक रक्ततपासणी करायला सांगितली, १७-ओएचपी. हाच तो साचणारा कच्चा माल. आकडा खूप वर होता.

ताईला होता तो सीएएचचा तिसरा, सौम्य प्रकार. ‘नॉन-क्लासिक’ म्हणतात. यात एन्झाइम थोडंफार काम करतं, जन्मतः काही दिसत नाही, वयात येताना किंवा लग्नानंतर त्रास सुरू होतो. वरून बघितलं तर पीसीओडी आणि हे यात फरक करणं अवघड. म्हणूनच पीसीओडी म्हणण्याआधी ही तपासणी करून घ्यावी, असं मार्गदर्शक तत्त्वांत सांगितलेलं असतं. बहुतेक बायकांत ती साधी निघते, कारण पीसीओडीच जास्त. पण एखादीची आठ वर्षं वाचतात.

या सौम्य प्रकारावर २०१० मध्ये पॅरिसहून मोठा अभ्यास आला. १९० बायका, त्यांतल्या ९५ जणींना मूल हवं होतं. ८५ जणींना मिळून १८७ वेळा दिवस गेले, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त आजार ओळखला जाण्याआधीच, बहुतेक आपोआप. म्हणजे ‘वांझ’ हा शब्द इथे मुळातच खोटा आहे. खरा फरक पुढे होता. उपचाराशिवाय राहिलेल्या गर्भांपैकी २६ टक्के पडले. हायड्रोकॉर्टिसोन चालू असताना राहिलेल्यांपैकी साडेसहा टक्के. ताईचे दोन मी मनातल्या मनात कुठल्या रकान्यात टाकले, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

तिला प्रेडनिसोलोनची छोटी गोळी सुरू झाली. डेक्सा नाही, कारण ती वारेतून बाळापर्यंत पोचते. (आमच्या भागात डेक्सा ‘ताकदीची गोळी’ म्हणून कोणीही कोणालाही देतं, तो वेगळाच लेख होईल.) तीन महिन्यांत पाळी तारखेवर आली.

खानदेशात, किंवा एकूण महाराष्ट्रातच, या आजाराचा इतिहास लिहायचा म्हटलं तर कागद फार थोडे सापडतात. भारतातला मोठा आकडा मिळतो तो भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नवजात बाळांच्या तपासणीतून. दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता या पाच शहरांत लाखभर बाळांच्या टाचेतलं थेंबभर रक्त तपासलं गेलं. निकाल २०१८ मध्ये छापून आला. ५,७६२ बाळांमागे एकाला सीएएच. चेन्नईत २,०३६ मागे एक, मुंबईत ९,९८३ मागे एक. गोव्याने २००८ पासून सरकारी खर्चाने नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली होती. आमच्याकडे बाळ पंधराव्या दिवशी उलट्या करून सुकून गेलं, तर नोंद होणार ‘जुलाब-उलटी’. मुलगी असली तर निदान अवयव वेगळे दिसले म्हणून कोणी तरी दवाखान्यात नेतं. मुलगा बाहेरून अगदी ठणठणीत दिसतो, आणि नाव न ठेवताच जातो. पोर जगावी म्हणून जिथे कायदे करावे लागले, तिथे या एका आजारात पोरगी ओळखू येते आणि पोरगा हुकतो.

नाशिकच्या डॉक्टरबाईंनी पुढे विचारलं, “मिस्टर नात्यातले आहेत का?”

ताई आत्याच्या घरी दिलेली आहे. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. म्हणजे तिचा नवरा आमचा आतेभाऊ. त्याच्या बाजूने बघाल तर त्याने मामानी पोर केली. यात कोणाला काही वावगं वाटत नाही, उलट मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा, असंच आम्ही ऐकत मोठे झालो. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या पुस्तकात भारताचे नातेसंबंधांनुसार पट्टे पाडले. उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न वर्ज्य, दक्षिणेत मामाशीसुद्धा चालतं, आणि महाराष्ट्र मधला : मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी सहसा नाही. खानदेश तर या सीमारेषेच्या काठावरच बसलाय, पलीकडे गुजरात आणि निमाड.

सीएएच होण्यासाठी जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, एक आईकडून, एक बापाकडून. ५,७६२ वरून ढोबळ हिशोब केला तर साधारण ३८ माणसांमागे एकाकडे एक बिघडलेली प्रत असणार. त्या माणसाला स्वतःला काही होत नाही, कळतही नाही. समजा ताईने बाहेरच्या कोणाशी लग्न केलं असतं. त्याच्याकडे प्रत असण्याची शक्यता ३८ त एक, ती बाळाकडे जाण्याची निम्मी, म्हणजे बाळाला आजार होण्याची ७६ त एक. पण आतेभावाचं गणित वेगळं आहे. ताईची एक प्रत माझ्या काकांकडून आली. ती त्यांच्या बहिणीकडे, फुईकडे, असण्याची शक्यता निम्मी. फुईकडून मुलाकडे येण्याची पुन्हा निम्मी, म्हणजे चारात एक. आणि बाळाला आजार होण्याची आठात एक. तो सौम्य की तीव्र, हे कुठली प्रत कोणाकडून आली यावर. माझे वडील काकांचे सख्खे भाऊ, तेव्हा माझंही गणित चारात एकच.

म्हणून नवऱ्याची जनुक तपासणी. ती महाग आणि किचकट का, हे वाचताना मला फार मजा आली, दुसऱ्या कोणाला येईल की नाही माहीत नाही. सहाव्या गुणसूत्रावर या जनुकाच्या शेजारीच त्याची एक जुनी निकामी नक्कल पडून आहे, जवळपास ९८ टक्के सारखी. कोणी तरी फंक्शन कॉपी-पेस्ट केलं, वापरलं नाही आणि डिलीटही केलं नाही, तसं. पेशी विभागताना अधूनमधून या डेड कोडमधल्या चुका चालू जनुकात कॉपी होतात. आजाराची बहुतेक कारणं अशीच येतात. आणि तपासणी करणाऱ्याला दर वेळी खात्री करावी लागते की आपण वाचतोय ती चालू फाइल आहे, शेजारची नाही.

या सगळ्यात टेस्ट ट्यूबचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण ताईच्या घरात तो सगळ्यात आधी आला होता. शहरात शिरताना दोन्ही बाजूंना होर्डिंग असतात, गुटगुटीत परदेशी बाळ आणि खाली टक्केवारी. मुंबईच्या केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून हर्षा चावडा जन्मली, तेव्हा ते महापालिकेचं रुग्णालय होतं आणि होर्डिंग नव्हतं. आनंद कुमार यांनी पुढे १९९७ मध्ये जुने कागद तपासून स्वतःच लिहिलं की पहिले आपण नव्हे, कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी १९७८ मध्येच हे केलं होतं. त्यांच्यावर तेव्हा कोणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. स्वतःच्या नावावरचा पहिला नंबर कागद बघून सोडून देणारा माणूस मला या अख्ख्या वाचनात सगळ्यात जास्त आवडला.

होर्डिंगवरची टक्केवारी कशाने भागलेली असते? गर्भ आत ठेवले तेवढ्यांनी भागली तर आकडा मोठा येतो. इंजेक्शनं सुरू केलेल्या सगळ्यांनी भागली तर लहान. दारात आलेल्या सगळ्या बायकांनी भागली तर आणखी लहान, आणि ती कोणी छापत नाही. २०२१ च्या कायद्याने केंद्रांना नोंदणी करणं आणि उपचारांची माहिती राष्ट्रीय नोंदवहीकडे देणं बंधनकारक केलंय. त्या नोंदवहीत ‘१७-ओएचपी तपासलं का’ एवढा एक रकाना असावा, असं मला वाटतं. ताईचं एक सायकल झालं होतं, दोन लाखांच्या वर गेले, त्यासाठी दोंडाईचाला मिरची विकून आलेले पैसे होते. गर्भ चांगले तयार झाले होते म्हणे. प्रोजेस्टेरॉन कोणी आधी मोजलं असल्याचं फायलीत नाही.

आठ वर्षं फुईचं म्हणणं एकच होतं : पोरीत दोष आहे. भावाची पोर म्हणून केली, असंही. डोहाळजेवणाला ताईला ओटी भरू द्यायची नाही, हळदीला पुढे येऊ द्यायचं नाही. कोणी भांडून काढलेलं नाही, नुसतं बाजूला ठेवलेलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी वहीच्या पानावर फुईला झाड काढून दाखवलं. वर आजोबा-आजी. त्यांच्यापैकी एकाकडून ती प्रत काकांकडे आली. तिथून ताईकडे. मग दुसरी फांदी, फुईकडे, तिथून तिच्या मुलाकडे. फुईने बराच वेळ पानाकडे बघितलं. ती शाळेत चौथीपर्यंत गेलेली आहे, झाड तिला बरोबर कळलं. मग म्हणाली, “म्हंजे मना माहेरनं शे ते.”

होय म्हटलं. तुझ्याच माहेरचं आहे.

ताईचे मिस्टर सोमवारी नाशिकला रक्त द्यायला निघाले. आठ वर्षांत वीर्याची एक तपासणी सोडली तर त्यांची काहीच तपासणी झाली नव्हती. सकाळी एसटीच्या वेळेला फुई चप्पल घालून ओट्यावर बसलेली, हाताची बाही वर केलेली.

“मनं बी ल्या,” म्हणाली.

तिच्या रक्ताची गरज नव्हती, मुलाचं पुरेसं होतं. ताईने तिला तसं सांगितलं, आणि तरी चला म्हणाली.